कासवाभोवतीची हातभर जमीन

जेवणं उरकली की माझी नात मुक्ता मोबाईल घेऊन बसते आणि तुम्हा मंडळींचे भुताखेतांचे अनुभव मला वाचून दाखवते. वळणावर लिफ्ट मागणारी बाई, चिंचेखाली विडी मागणारा म्हातारा… मी ऐकते आणि हसते. राग मानू नका. पस्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. पोरांची भीती मोडावी म्हणून चौथीचा अख्खा वर्ग भर अमावास्येला मसणवटीवरून सहलीला नेला होता, आणि त्यावरून पालकांशी कडाकडा भांडलेही होते. अंगात येणं, मूठ मारणं, उतारे – कशावरच माझा विश्वास नव्हता. परवा मुक्ता म्हणाली, "आजी, तुझं ते कासवाचं सांग की. मी टाईप करते." म्हटलं, कर. चौऱ्याऐंशी वर्षांची झाले, आता मला कोण हसणार? आणि हसलात तर फिटंफाट.

जागा नीट सांगते. कर्जतहून खोपोलीला जी लाइन जाते तिच्यावर पळसदरी स्टेशन आहे. तिथून पाऊण तासाच्या चालीवर, घाटाच्या पायथ्याशी, एका टेकाडावर आमच्या पंचक्रोशीतलं जुनं चर्च आहे. गावाचं नाव लिहीत नाही – उगाच रविवारी गाड्या घेऊन याल. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. मी सांगतेय ते दुसऱ्या महायुद्धाचं, आमच्या भाषेत लढाईचं, शेवटचं वर्ष. मी सतरा वर्षांची होते.

हे चर्च माझ्या पणजोबांनी बांधलं. आमचं घर गवंड्यांचं. पावसाळ्यात भात लावायचा आणि उघडीप झाली की चुना-दगड. घाटात रेल्वेचे बोगदे खोदायचं काम चाललं होतं तेव्हा वसईकडचे, गोव्याकडचे पुष्कळ ख्रिस्ती लोक कामावर होते, आणि तापाने माणसं पटापट जात होती. त्यांच्यासाठी एक म्हातारा पाद्री इथे येऊन राहिला. त्याने पणजोबांना कागदावर चर्चचा नकाशा काढून दिला… आणि पाया आखायच्या आदल्या दिवशी स्वतःच तापाने आडवा झाला. त्याला डोलीत घालून नेलं. मागे राहिले पणजोबा आणि कागद.

पणजोबांनी जन्मभर देवळं बांधलेली. देवाचं घर म्हटल्यावर दार पूर्वेला – यात विचारायचं काय? पाद्री बरा होऊन परत आला तेव्हा भिंती कमरेला लागल्या होत्या आणि सगळं चर्च उलट्या तोंडाचं झालं होतं. वेदी पूर्वेला हवी ती पश्चिमेला, आणि जिथे वेदी हवी तिथे दार! बरं, एवढ्यावर थांबले तर ते आमचे पणजोबा कसले? दाराला वीतभर उंच दगडी उंबरा. कमानीच्या माथ्यावर कमळ. भिंतींत दिव्यासाठी दिवळ्या. आणि वेदीच्या पायऱ्यांसमोर, जमिनीत बसवलेलं, काळ्या दगडाचं कासव. देवापुढे कासव नको?

घरात सांगायचे की पाद्री त्या कासवापाशी बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "राहू दे. ते कुणाच्या वाटेत येत नाही." म्हणून ते राहिलं. आणि त्या चुकीचंच सुख बघा – सकाळी दारातून उन्हाचा पट्टा आत येतो, कासवाच्या पाठीवरून सरकतो आणि एकेक पायरी चढत वेदीवर जातो. पुढे मी मुंबईतली मोठमोठी चर्चं पाहिली, रंगीत काचांची, आभाळाला टेकलेली. पण तो पट्टा कुठे पाहिला नाही.

बाकी चर्च साधंच. दीड हात जाड भिंती, त्यांना बाहेरून दगडी टेकू. सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर एक लहानशी कमान आणि तिच्यात घंटा. ख्रिस्ती घरं पुढे पाच-सातच उरली, पण त्या घंटेवर आमची अख्खी वाडी चुली पेटवायची. पोराला ताप आला की आमच्या बायका गावदेवीला नारळ बोलायच्या आणि इथे मेणबत्ती. दोघांपैकी कुणीतरी ऐकेल, असा हिशोब.

जमीन मात्र कोब्याची. आताच्या पोरांना कोबा ठाऊक नसतो, म्हणून सांगते. खडी आणि बैल फिरवतो त्या दगडी घाणीत मळलेला चुना कालवून जमिनीवर चांगला जाड थर द्यायचा, त्यावर गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपायचं, आणि मग बायकांनी ओळीने उकिडवं बसून लाकडी थाप्यांनी तो चोपायचा. एक दिवस नाही, तीन-तीन दिवस. आधी आवाज भद्द येतो. चोपून चोपून तो टणक झाला की समजायचं, कोबा बसला. सगळ्या थाप्या एका तालात पडायला लागतात, नाहीतर एका जागी दाबला जातो आणि शेजारी पोकळ राहतो. तो ताल धरायला ओळीला एक म्होरकी असते. आमच्या ओळीची म्होरकी माझी आई, ठमाबाय.

आई डावरी होती. दोन हलक्या थापा आणि तिसरी जोराची – ठप, ठप… ठाप. हा तिचा ताल. घरी भाकरी थापतानाही तोच. तिच्या हाताखालच्या कोब्यावर ओल्यात थापीच्या खुणा उमटत, त्या इतर बायकांच्या खुणांच्या उलट्या तिरक्या असत. बाबा मागून घोटून गुळगुळीत करायचे तेव्हा चेष्टा करायचे, "ह्या बयेचं सगळंच उलटं." आमच्या घराला उलट्याची सवयच होती म्हणा!

चुना हात खातो. आईच्या बोटांची टोकं कायम फाटलेली, तेल लावलं की ती डोळे मिटून घ्यायची. मी सातवी पास झाले तेव्हा अख्ख्या वाडीत तिने गूळ वाटला. आणि दुसऱ्याच वर्षी हिवतापाने गेली. जायच्या आधी माझा हात हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "द्वारके, माझी शप्पत घे. ह्या हातात थापी धरायची नाय. ह्यानं लिव्हायचं." मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते!

आई गेली आणि बाबा गप्प झाले. म्हणजे रडले-भेकले नाहीत. भिंती तपासायचा ओळंबा खुंटीला टांगला तो टांगलाच. कुणी कामाला बोलवायला आलं की "बघू" म्हणायचे आणि अंगणात बसून राहायचे. मला पुण्याला ट्रेनिंगला जायचं होतं, शाळेच्या मास्तरांनी अर्जही आणून दिला होता. पण बाबांना असं सोडून कशी जाणार? मी तो अर्ज तांदळाच्या डब्यात ठेवून दिला होता.

अशात एक दिवस चर्चचे पाद्रीबाबा स्वतः आमच्या अंगणात आले. वसईचे होते, मराठी आमच्याहून शुद्ध. म्हणाले, "धर्माजी, जमीन पार उखणली आहे. लढाईमुळे सिमेंट मिळत नाही. वरचे लोक म्हणतात, सगळी खणून शहाबादी फरशी घाला. तसं केलं तर कासवही निघेल. तुम्ही कोबा घालणार असाल तर मी त्यांना थांबवतो. पण ईस्टरला तडा दिसता कामा नये."

पाद्रीबाबा टेकाड चढून गेले. मग बाबा उठले आणि खुंटीवरचा ओळंबा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. मी चुलीपाशी होते. मला इतकं भरून आलं की भाकरी करपली तरी कळलं नाही.

काम सुरू झालं. चर्चच्या मागे खालापूरच्या हुसेनचाचांनी बैल लावून चुन्याची घाणी धरली. सात बायका थाप्या घेऊन आल्या. त्यांत वडीलधारी काशीआत्या, बाबांची चुलतबहीण. बाबांनी घरून आईची थापी आणून कासवाच्या शेजारी ठेवली. म्होरकीची जागा तीच – कासवाच्या कडेने हातभर जमीन. दगड आणि चुना जिथे भेटतात तिथूनच तडा सुरू होतो, म्हणून तेवढी जागा म्होरकीनेच चोपायची. आणि म्होरकीनंतर तिच्या लेकीने नाहीतर सुनेने. दुसरी बसली तर तिच्या घरातलं माणूस जातं, अशी आमच्या बायकांची पक्की समजूत. गवंड्याने तर थापी धरायचीच नाही, कोबा फुटतो म्हणे. मला तेव्हाही हे खुळचट वाटायचं. पण सात बायकांच्या खुळापुढे एका मुलीचं शहाणपण किती टिकणार?

पहिल्याच दिवशी काशीआत्या म्हणाली, "बस गं द्वारके आयच्या जागेवं. ताल धर."

"मी नाय बसणार, आत्या. शपथ हाय."

"शप्पत गेली खड्ड्यात! बापाकडं बघ जरा."

मी बाबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते. त्यांना शपथ ठाऊक होती. त्यांनी मला एका शब्दाने 'बस' म्हटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस सात जणींनी जमेल तसा ताल धरला. बाकीची जमीन कशीबशी बसली. कासवाभोवतीची हातभर तेवढी भद्दच राहिली. बाबा तिच्यावर पोतं ओलं करून टाकत होते, काढत होते, पुन्हा टाकत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिथे अंगठा दाबून पाहिला आणि स्वतःशीच म्हणाले, "चुना ताठत चाललाय. दुपारपतुर थापी लागली तर लागली." मग माझ्याकडे न बघता बाहेर गेले. त्यांचे खांदे आई गेली त्या दिवशी पडले होते तसेच पडलेले दिसले. ही जमीन फुटली तर हा माणूस पुन्हा ओळंबा हातात धरणार नाही, हे मला लख्ख कळलं.

दुपार झाली. बायका अंगणातल्या आंब्याखाली भाकर-सुकट सोडून बसल्या. पाद्रीबाबा कर्जतला गेले होते. बाबा मागे घाणीकडे गेलेले, तिथून ते मला दिसत नव्हते. माझी भाकर अर्धीच राहिली. एकीकडे आईची शपथ, एकीकडे बाबा… शेवटी मी ठरवलं. आई गेलेली आहे, बाबा आहेत. मेलेल्या माणसाची माफी मागता येते. हात धुतले, "पाणी पिऊन येते" म्हटलं आणि चर्चकडे निघाले.

दाराशी पोचते न पोचते तोच आतून आवाज आला.

ठप, ठप… ठाप.

मला वाटलं, काशीआत्याला दया आली. मागे वळून पाहिलं. आंब्याखाली सातही जणी होत्या, मी एकेक करून मोजल्या. काशीआत्याचा घास तोंडाशी थांबला होता. ती माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होती.

ठप, ठप… ठाप. आणि दर वेळी आवाज थोडा थोडा बदलत होता. भद्द होता तो टणक होत होता.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी उंबऱ्याबाहेर नुसती उभी. भीती वाटली का? तुम्ही सगळे लिहिता – अंगावर काटा आला, पाय लटपटले. माझं तसं काही झालं नाही. मला फक्त भूक लागली. खरंच सांगते. आई भाकरी थापायला लागली की लागायची तशी.

मग मी उंबरा ओलांडला आणि आवाज थांबला.

बाहेरच्या उन्हातून आत गेलं की क्षणभर काही दिसत नाही. डोळे सरावले तेव्हा चर्च रिकामं होतं. मी कासवापाशी गेले. पोतं बाजूला घडी घालून ठेवलं होतं. हातभर जमीन चोपलेली, घट्ट, वर पाण्याची चकाकी. आईची थापी ओली होती, तिच्या तोंडाला चुना होता. आणि कोब्यावरच्या खुणा उलट्या तिरक्या होत्या. डावऱ्या हाताच्या.

मी खाली बसले, तळहात त्या खुणांवर ठेवला आणि रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

पाठीमागे पावलं वाजली. बाबा होते. त्यांनी कासवाकडे पाहिलं. वाकून बोटाच्या पेराने जमीन वाजवली – टण्ण. मग माझ्या हाताकडे पाहिलं, चुन्याने भरलेल्या. शेवटी एवढंच म्हणाले, "उठ बाय. हात धू. चुना खातो."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी तांदळाचा डबा उघडला, अर्ज काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "पुन्याला जायाचं. माझी काळजी करू नगस. मी हाय आता." आणि होतेच ते. ईस्टरला एक तडा नव्हता. पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर बाबांचा हात हातात घेतला. त्यानंतर बाबांनी पार पोशीरपर्यंत कामं केली. काशीआत्या त्या दुपारबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी विचारलं की म्हणायची, "जेवताना कानात वारं जातं गं."

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं होऊनही बाईंचा विश्वास नव्हता? नव्हता. कारण माझ्याकडे सरळ उत्तर होतं – बाबा. गवंड्याला दोन्ही हात चालवावे लागतात, डाव्या हाताने थापी मारणं त्यांना अवघड नव्हतं. आईचा ताल त्यांनी वीस वर्षं ऐकला होता. चर्चला मागे एक लहान दार आहे, पाद्रीबाबांच्या खोलीतलं. तिथून आले, लेकीची शपथ मोडू नये म्हणून स्वतःची रीत मोडली, गुपचूप थापी धरली, आणि मी आत येतेय असं पाहून तिथूनच निघून गेले. काशीआत्या घाबरली ते तिचं खूळ. इतकं साधं! मी पुण्याला गेले, शिकले, नोकरी लागली, लग्न होऊन दहिवलीत घर झालं, आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी बाबांची ती थापी आहे असं मी मनात धरून होते. त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी लपवलंय ना, मग राहू दे त्यांचं त्यांच्यापाशी. आमच्याकडे बापलेकी असलं काही बोलत नसत.

वीस वर्षांनी बाबा आजारी पडले तेव्हा मी त्यांना दहिवलीला आणलं. एके दिवशी दुपारी मी वह्या तपासत होते, ते पडल्या पडल्या माझ्या हाताकडे बघत होते.

"बाय, येक इचारू? रागावणार नायस?"

"विचारा की."

"माज्यासाठी तू आयची शप्पत मोडलीस. तवापून टोचतंय मला. पोरीवं अशी पाळी आनली मी. आता जायाचा वखत आला, माफ कर म्हनायचं राहून गेलंय."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. "मी? बाबा, मी कुठे मोडली? मी आत गेले तेव्हा जमीन चोपलेली होती. तुम्हीच चोपली होती ना?"

"मी? मी हुसेनच्या घानीपाशी व्हतो. बैल अडला व्हता, दोघं लोटत व्हतो. ते मागचं दार तर पाद्रीबाबा कुलूप लावून गेलेलं." ते कोपरावर उठून बसायला लागले. "तुजे हात चुन्यानं भरलेले. मला वाटलं, पोरीनं आयसारका डावा हात चालवला…"

वीस वर्षं मी त्यांचे उपकार मानत होते आणि ते माझी माफी मागायला टपले होते, एकाच थापीपायी.

"म्हंजी शप्पत नाय मोडलीस?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही बाबा. आजपर्यंत थापी धरली नाही."

ते मान मागे टाकून हसले. आई गेल्यापासून त्यांना असं मोठ्याने हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांतून पाणी गळत होतं. म्हणाले, "ह्या बयेचं सगळंच उलटं." पुढच्या आठवड्यात ते गेले.

मुक्ता म्हणते, चुना सुकताना आवाज होतो, आजी. होत असेल. पण चुना थापी ओली करत नाही आणि पोत्याची घडी घालत नाही, एवढं विज्ञान मलाही येतं. चर्च अजून आहे. बाकीच्या कोब्याला आता जागोजागी तडे गेलेत. कासवाभोवतीच्या हातभर जमिनीला नाही. वर्षातून एकदा मुक्ता मला गाडीतून नेते. मी उंबऱ्याशी चपला काढते, सकाळचा पट्टा कासवावर येईपर्यंत बसते, आणि परत येते.

खुलासा द्या, असं कुणी लिहील, म्हणून आधीच सांगते. खुलासा होता माझ्याकडे. चांगला वीस वर्षं होता. तो बाबा जाताना घेऊन गेले.